दादाला शुगर आहे, असं आम्ही सांगायचो

दादाचं दिव्यांग कार्ड जून २०२५ मध्ये पोस्टाने घरी आलं. पहिला अर्ज भरल्यापासून मोजलं तर जवळजवळ पावणेपाच महिने, आणि आजार सुरू झाल्यापासून मोजलं तर एकवीस वर्षं. यातला सगळा उशीर सरकारी नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मानसिक आजारासाठी हे प्रमाणपत्र काढायचं ठरलं तेव्हा कुणी मराठीत अनुभव लिहिलाय का, ते मी शोधलं होतं. हाताला फारसं काही लागलं नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात, आणि तो शब्द ऐकून लोकांना वाटतं की एकाच्या अंगात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दादा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता, वय तेवीस. २००४ च्या पावसाळ्यात तो डबा न खाताच परत आणायला लागला. कॅन्टीनमधली माणसं आपल्या डब्याबद्दल बोलतात, असं त्याचं म्हणणं. मग एक दिवस त्याने खोलीतल्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कारण तिथून त्याचे विचार बाहेर ऐकू जात होते. दिवाळीच्या आत नोकरी गेली.

आत्या म्हणाली, बाहेरचं आहे. बाबा स्वतः शाळामास्तर, पण तेही गप्प बसले. अंगारे झाले, उतारे झाले, आणि मग तीन तासांवरच्या एका ठिकाणी दर अमावास्येला वारी सुरू झाली. मोजून अठरा अमावास्या. तिथे खांबांना साखळ्या होत्या. दादाला बांधलं नाही, पण बांधलेली माणसं त्याने पाहिली. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळदंडांत अडकलेली २८ माणसं जळून गेली, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. म्हणजे आम्ही वारी सुरू केली तेव्हा त्या घटनेला चार वर्षंही झाली नव्हती, आणि आमच्या घरात रोज पेपर येत होता. साखळीने बांधायला आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरळ मनाई आहे. दादा मात्र अजूनही देवळात घंटेची लोंबती साखळी दिसली की बाहेर चपलांपाशी उभा राहतो.

२००६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ गाठला, गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांत ट्यूबलाइटवरचा कागद दादाने स्वतःच काढला. पण आता नवाच प्रश्न उभा राहिला. या रोजच्या गोळ्या कशाच्या? आईने उत्तर शोधलं: शुगर. कमी वयात झालीय, घराण्यात आहे. शुगरला कुणी नाक मुरडत नाही. उलट जो तो कारल्याचा रस सांगतो. ‘तुझ्या दादाला ठाण्याला पाठवायला पाहिजे’, ‘येरवड्याची गाडी आली बघ’ असले विनोद आमच्या वर्गात सर्रास चालायचे, मी स्वतःही केलेले आहेत. त्यामुळे शुगर मलाही सोयीची वाटली. २०११ मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा मी सासरीही तेच सांगितलं. परिणाम असा की पुढे दर भाऊबीजेला सासूबाई आठवणीने दादासाठी वेगळा, बिनसाखरेचा चहा टाकायच्या. आणि दादा, ज्याला लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना मार मिळायचा, तो निमूटपणे तो चहा प्यायचा.

बाबा ऑगस्ट २०२४ मध्ये गेले. जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं. डिसेंबरात त्या कागदपत्रांसाठी मी कार्यालयात गेले होते. तिथल्या क्लार्कने नावांची यादी बघितली, दादाचं वय बघितलं, ‘अविवाहित, नोकरी नाही’ वाचलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “ताई, काही तब्येतीचं आहे का?” मी सवयीने म्हटलं, “शुगर.” तो म्हणाला, “शुगरने पेन्शन नाही मिळत. पण मनाचं काही असेल तर आईनंतर त्यांना मिळू शकते. सिव्हिलचं प्रमाणपत्र लागतं. आताच काढून ठेवा, नंतर फार धावपळ होते.” अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल तर अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं, आणि अपंगत्व शरीराचंच हवं असं नाही, मनाचंही चालतं. बाबा तीस वर्षं नोकरीत होते. त्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. विचारायला गेलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, एवढंच.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही एवढंच लागतं, फी नाही. घरीही भरता येतो, पण मी २० जानेवारीला नेट कॅफेत गेले, तेही दोन किलोमीटर लांबच्या, कारण आमच्या चौकातला कॅफेवाला ओळखीचा. तिथला मुलगा भराभर टायपत होता. अपंगत्वाच्या प्रकारांची यादी आली. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, यादी लांबलचक. त्याने मोठ्याने विचारलं, “मतिमंद का?” मागे चारजण उभे. मी म्हटलं, “हो, तेच टाका.” दीडशे रुपये दिले आणि पावती घेऊन बाहेर पडले.

त्या एका ‘हो’ने आमचा जवळजवळ महिना खाल्ला. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार हे कायद्यात दोन वेगळे प्रकार आहेत, तपासणी वेगळी, कागद वेगळे. १२ फेब्रुवारीला, बुधवारी, आम्ही तिघं सिव्हिलला गेलो. आमच्याकडे दिव्यांग बोर्ड बुधवारी बसतं. तुमच्याकडे वार वेगळा असू शकेल, जाण्याआधी फोन करा. सकाळी पावणेनऊला पोचलो तर पुढे साठ-सत्तर माणसं. केसपेपरला पैसे लागत नाहीत, पण रांग लागते. गेटवर एकाने अडवून “आठ हजारांत घरपोच करून देतो, डॉक्टर आपला आहे” असंही सांगून पाहिलं. त्याच्या नादी लागू नका. पूर्ण कामात रुग्णालयाला आम्ही एक रुपया दिलेला नाही.

रांगेत कुबड्या होत्या, चाकाच्या खुर्च्या होत्या, कानाला यंत्र लावलेली दोन छोटी भावंडं होती. दादा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभा. पुढच्या आजींनी आधी मला, मग आईला न्याहाळलं आणि विचारलं, “पेशंट कुठाय?” दादा म्हणाला, “मीच.” आजी म्हणाल्या, “तू तर धडधाकट दिसतोस की रे बाबा.” मागून एकजण पुटपुटला, हल्ली कुणीही कार्ड काढतं. माझ्या कानशिलांत उष्ण झालं. धडधाकट दिसावा म्हणून आदल्या रात्री शर्टाला इस्त्री मीच केली होती.

साडेबाराला नंबर लागला. टेबलावरच्या माणसाने पावती बघितली, दादाचा डिप्लोमा बघितला (मी मार्कशीटही नेली होती, का ते विचारू नका) आणि म्हणाला, “बौद्धिकला आयक्यू टेस्ट लागते. यांचा डिप्लोमा झालाय, हे कसे मतिमंद?” मग केसपेपरवर नजर टाकून शिपायाला हाक मारली, “डोक्याचा पेशंट आहे, मागच्या खोलीकडे पाठव.” अख्ख्या रांगेने वळून बघितलं. दादाला तसं बोलणाऱ्या माणसाच्या हातात त्या दिवशी आमचा कागद होता, म्हणून मी गप्प राहिले. मागची खोली बंद होती. चुकीचा अर्ज रद्द करून नवा भरा, असं सांगून आम्हाला परत पाठवलं.

त्या रात्री आम्ही घरीच अर्ज भरला, माझ्या मोबाइलवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. वाचत दादा होता, टायपत मी. प्रकार: मानसिक आजार. जन्मापासून आहे का? नाही. कोणत्या वर्षापासून? २००४. पुढचा प्रश्न होता, अपंगत्व कशामुळे.

मी थांबले. या प्रश्नाला एकवीस वर्षांत आमच्या नातेवाइकांनी दिलेली उत्तरं लिहायची तर अर्ज पुरला नसता. आत्याच्या मते पिंपळाखालून रात्री आला म्हणून. काकांच्या मते कंपनीतल्या कुठल्याशा मुलीने नकार दिला म्हणून. शेजारच्या सरांच्या मते अतिअभ्यास. एका ज्योतिषाच्या मते शनी. बाबांच्या एका मित्राच्या मते लाड, आणि मावशीच्या मते आईने गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून, जे मावशीने आईच्या तोंडावर सांगितलं होतं. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने भांडं विसळायचं थांबवलं, म्हणजे ती ऐकत होती. मी पर्यायांची यादी उघडली. अपघात, जन्मजात, आजार, असं काय काय होतं. दादा म्हणाला, “चिमे, आजारच ना?” मी ‘आजार’वर बोट ठेवलं. आईने नळ परत सोडला.

मग सही. पांढऱ्या कागदावर करून तिचा फोटो चढवायचा असतो. दादाचं अक्षर अजून ड्राफ्ट्समनचं आहे, सगळी अक्षरं एका उंचीची, जणू खालीवर दोन रेघा मारल्यात. पण गोळ्यांनी हाताला बारीक कंप आहे. नऊ वेळा सही केली, प्रत्येक वेळी शेवटची रेघ थरथरली. दहावीही थरथरलेली होती, तीच चढवली. बँकेतल्या सहीशी अगदी जुळली पाहिजे असा काही हट्ट इथे नसतो. कंप असेल तर अंगठ्याचाही पर्याय आहे.

पुढचे दोन्ही बुधवार सुटीचे निघाले. १९ ला शिवजयंती, २६ ला महाशिवरात्र. त्या तीन आठवड्यांत जुने कागद जमवायचे होते. मागच्या खोलीचा फोन मी मिळवला होता आणि तिथल्या समाजसेविका बाईंनी नीट समजावलं होतं: आजार केव्हापासून आहे, कोणते उपचार झाले, दवाखान्यात दाखल केलं होतं का, याचे जेवढे जुने कागद असतील तेवढे आणा. मी आईला विचारलं, २००६ पासूनच्या फायली कुठे आहेत? दोन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, मला पक्क्या आठवत होत्या, एकीवर साडीच्या दुकानाचं नाव होतं.

आई म्हणाली, “बंबात घातल्या.”

२०११ मध्ये, माझ्या साखरपुड्याच्या आदल्या पहाटे. पाहुणे घरात उतरणार, कपाट कुणी उघडलं तर? सकाळच्या आंघोळीचं पाणी तिने दादाच्या केसपेपरवर तापवलं होतं. सगळ्यांनी त्या पाण्याने आंघोळ केली, मीसुद्धा. हे सांगताना ती रडलीबिडली नाही. फक्त म्हणाली, “तुझं लग्न मोडलं असतं.” मोडलं असतं का? असतंही कदाचित. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द नाव घेऊन लिहिलेला आहे. जिथे कायद्यानेच एका आजाराचं नाव असं वेगळं काढून ठेवलंय, तिथे माझ्या आईने बंब पेटवला याचं मला फार नवल वाटत नाही. राग मात्र आला होता, दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

पहिले डॉक्टर वारले होते, त्यांचा दवाखाना बंद. आत्ताच्या डॉक्टरांकडे दादा २०१२ पासून जातो. ते म्हणाले, “मी पहिल्या भेटीत जे विचारलं ते माझ्या कार्डावर लिहिलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी सुरुवात, दोन वर्षं उपचार नाहीत, सगळं आहे. त्यावरून लिहून देतो.” त्यांनी लेटरहेडवर एक पानी गोषवारा दिला. त्यात काय असावं हे सांगते, कारण अनेकांचं अडतं ते इथे: निदानाचं पूर्ण नाव, आजार सुरू झाल्याचं वर्ष, आजवरच्या औषधांची नावं आणि डोस, दाखल केलं असेल तर तारखा (आमचं एकदा, २०१३ मध्ये, अकरा दिवस), आजची स्थिती, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. ‘पेशंट माझ्याकडे उपचार घेत आहे’ एवढ्याच दोन ओळी आणल्या तर परत पाठवतात. डॉक्टरांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. जाता जाता त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, वजन वाढलंय म्हणून. दादाच्या ओलान्झापिन या गोळीने वजन आणि साखर दोन्ही वाढू शकते, वर्षातून एकदा तरी बघावं लागतं.

आईनेही तिच्या परीने एक पुरावा काढला: बाबांच्या डायऱ्या. बाबा रोजचा खर्च लिहायचे. दूध, पेपर, भाजी. त्यात २००६ पासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक नोंद यायची, ‘साखर – ३४०’. कधी ४१०, कधी ६०० च्या वर. किराणा वेगळा लिहिलेला असायचा, त्यात साखर वेगळी, किलोने. म्हणजे स्वतःच्या डायरीतसुद्धा, जी दुसरं कुणी उघडत नव्हतं, बाबांनी औषधांना औषध म्हटलं नव्हतं. मी त्या डायऱ्या सिव्हिलला नेल्या. कागदोपत्री त्यांचा उपयोग शून्य झाला. समाजसेविका बाईंनी दोन पानं उलटली, आईकडे बघितलं आणि डायरी हळूच परत दिली.

५ मार्चला मागची खोली उघडी होती. नोंद झाली, माहिती घेतली, मूल्यमापनासाठी १९ ची तारीख दिली. १९ ला गेलो तर डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेले. जिल्ह्याला एकच मानसोपचारतज्ज्ञ असला की असंच होणार, चिडून उपयोग नसतो, तरी मी चिडले. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचं एक तंत्र असतं, ते तिथे शिकले. जो येतो तो आधी बाकाच्या टोकाला, दाराकडे पाठ करून बसतो, म्हणजे जाणाऱ्याला तोंड दिसू नये. आमच्या शेजारी बसलेल्या एका मुलीने पूर्णवेळ स्कार्फ बांधून ठेवला होता. आई तिला म्हणाली, “उकडत नाही का गं?” ती म्हणाली, “माझे सर इथेच लॅबमध्ये येतात.” संपलं संभाषण. मग आईने पिशवीतून तिला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि तो खायला तिला स्कार्फ खाली घ्यावा लागला.

२ एप्रिलला मूल्यमापन झालं. यासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतातच तयार झालेली मोजपट्टी वापरतात. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यात आजाराला किती वर्षं झाली त्याचे गुण मिळवतात, दहा वर्षांच्या वर असेल तर चार. बेरीज वीसपैकी. सातपासून पुढे गेली की चाळीस टक्के किंवा जास्त, आणि बहुतेक सवलतींना चाळीसची अट असते. प्रश्न रुग्णाला विचारतात तसे त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाही विचारतात.

इथे माझी गोची झाली. वीस वर्षं आम्ही सगळ्यांना सांगत आलो की दादा अगदी ठीक आहे. ती सवय अशी एका सकाळी जात नाही.

“आंघोळ, दाढी स्वतःहून करतात?”

“हो हो, अगदी नियमित,” मी म्हटलं.

दादा खिडकीकडे बघत म्हणाला, “चिमे, खोटं कशाला? आई तीनदा सांगते तेव्हा करतो. हिवाळ्यात पाचदा.”

बाई हसल्या. पुढचा प्रश्न, घराबाहेर कुणाशी बोलणं? आई सांगायला लागली, सगळ्यांशी छान वागतो हो. दादा म्हणाला, “कुणाशी नाही. तीन वर्षांत कुणाच्या लग्नाला गेलो नाही.” काम? आई म्हणाली, घरात खूप मदत करतो. दादा म्हणाला, “दळण आणतो. गिरणीत चारपेक्षा जास्त माणसं असली तर डबा घेऊन परत येतो. मग आई जाते.”

मला हे गिरणीचं माहीत नव्हतं. मी त्याच शहरात राहते, दर रविवारी जाते, आणि त्या घरात दळण कोण आणतं हे मला सरकारी खोलीत कळलं. भावाच्या तोंडून, त्याच्या न येणाऱ्या गोष्टींची यादी ऐकणं मला जड गेलं. त्याला नाही. तो अगदी ड्रॉइंगवरची मापं वाचून दाखवावीत तसा बोलत होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, “त्यांनी नीट विचारलं. कुणी असं ओळीने विचारत नाही.”

तुम्ही जाणार असाल तर आदल्या रात्री साध्या वहीत लिहून काढा: मागच्या महिन्यात काय जमलं, काय नाही जमलं, कितीदा सांगावं लागलं. चांगल्या दिवशी गेलात तर माणूस चांगला दिसतो आणि घरचे तो आणखी चांगला दाखवायला बघतात. रडगाणं गाऊ नका, पण झाकूही नका. आणि शक्यतो रुग्णाला स्वतःला बोलू द्या.

बेरीज दहा आली. पुढे सह्यांना सहा आठवडे गेले, मध्ये दोनदा मी फोन केले. १४ मेला पोर्टलवर प्रमाणपत्र दिसलं: मानसिक आजार, ५५ टक्के, तात्पुरतं, पाच वर्षांनी फेरतपासणी. मानसिक आजारात तात्पुरतं देण्याची पद्धत आहे, दचकू नका. आईने ‘तात्पुरतं’ वाचून विचारलं, “म्हणजे पाच वर्षांत बरा होईल असं म्हणतात का ते?” मी म्हटलं, “तसं नाही गं, परत बघतील.” “बघू देत की,” ती म्हणाली. ९ जूनला कार्ड आलं, पिवळं. चाळीस ते ऐंशी टक्क्यांना पिवळं असतं.

हिशोब विचाराल तर कॅफे, झेरॉक्स, फोटो, रिक्षा मिळून अठराशेच्या आसपास, आणि माझ्या पाच रजा. दादा कुणावर अवलंबून आहे असं दाखवता येत असेल तर जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली वर्षाला ७५ हजारांची वजावट मिळते, तेही सीएला विचारून घ्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीचा फोन आला. “कागदावर आणलंत होय? आता कायमचा शिक्का बसला की गं. उद्या तुझ्या मुलीचं लग्न करायचंय.” माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मी म्हटलं, मावशी, कागदावर होतंच, आम्ही ते जाळलं होतं. तिला ते कळलं नसावं.

जुलैत दादा एकटा एसटीने आत्याकडे गेला. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. कंडक्टरने कार्ड घेतलं, उलटसुलट केलं आणि मोठ्याने वाचलं, “मेंटल इलनेस?” दादाच्या शब्दांत, पुढच्या चार सीटा वळल्या. तो म्हणाला, “हो. तिकीट किती झालं?” कंडक्टरने तिकीट फाडलं. दादा हे आम्हाला सांगताना घाबरलेला नव्हता, पण परतीला त्याने पूर्ण तिकीट काढलं होतं, हे मला नंतर खिशातल्या कागदांवरून कळलं. अजून तो दर वेळी कार्ड दाखवत नाही. गर्दी बघून ठरवतो.

सासूबाईंना मी ऑगस्टमध्ये सांगितलं. नवऱ्याला २०१३ पासून माहीत होतं, त्यांना नाही. बरीच तयारी करून गेले होते, आजार कसा असतो, औषधांनी कसा आटोक्यात राहतो, ही माणसं हिंसक असतात हा कसा गैरसमज आहे, उलट त्यांनाच मार जास्त बसतो, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम संतापल्या, पण भलत्याच गोष्टीवर. “म्हणजे चौदा वर्षं मी त्या पोराला बिनसाखरेचा चहा पाजला? आणि तू बघत बसलीस?” दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यांना आजाराचं काय वाटलं हे मला अजून नीट कळलेलं नाही. दादा येणार म्हटलं की हल्ली त्या मुलीला त्याच्याबरोबर एकटं सोडत नाहीत, हेही मी पाहिलंय. विचारलेलं नाही.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. ओवाळून झालं, आणि सासूबाई स्वतः चहाचा ट्रे घेऊन आल्या, मधोमध साखरेचं भांडं, काठोकाठ भरलेलं. दादापुढे ठेवून म्हणाल्या, “घ्या हो, तुमच्या हाताने हवी तेवढी.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मार्चमधल्या त्या रक्ततपासणीतला साखरेचा आकडा आम्हा दोघांनाच माहीत होता, ६.१, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. त्याने भांडं जवळ ओढलं, चमचाभर घेतली, हाताच्या कंपाने थोडी बशीत सांडली.

“एकच पुरे, काकू,” तो म्हणाला. “आता खरंच यायला लागलीय.”